उद्देश्य काकांचं, विधेय वहिनींचं

सगळं अजून जागच्या जागी होतं त्या शेवटच्या शनिवारी नाम गुरुजींनी कॉफीच्या दुकानातली रांग अडवून धरली.

आडनाव नाम आणि जन्मभर शिकवलं व्याकरण. याला योगायोग म्हणावं, अलंकार नव्हे. कोरियातल्या आंदोंगच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत पोरं येऊन बसायचीच. नाम, सर्वनाम, उपमा, रूपक. पगार थांबला होता, तास थांबला नव्हता.

तर दुकानात झालं ते असं. काउंटरवरच्या मुलीनं पेला पुढे केला आणि मान लववून म्हणाली, "गुरुजी, आपली कॉफी आल्या आहेत. जरा गरम आहेत त्या."

गुरुजींनी पेल्याला हात लावला नाही. "बाळ, किती कॉफी आल्या?"

"एकच, गुरुजी."

"मग 'आल्या' कशाला? तुझी आत्या लागते का ती?"

"आदरानं म्हटलं, गुरुजी."

"आदर मला दे ना. मला 'घ्या' म्हण, 'बसा' म्हण. कॉफी बिचारी 'आली'. तिला कशाला उगीच म्हातारी करतेस?"

"नुसतं 'कॉफी आली' म्हटलं की लोक चिडतात हो. मालक म्हणतात, विषाची परीक्षा नको, दिसेल त्याला आदर लाव. आता मी पावतीसुद्धा 'निघाल्या' म्हणते."

रांग एव्हाना दाराबाहेर गेली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, तुमच्या कॉफी थंड झाल्या!" आणि सगळे हसले. गुरुजीही हसले. हसली नाही ती फक्त त्यांची मुलगी हे-रान. ती फरशीवरची नक्षी बघत उभी होती. वय अठ्ठेचाळीस, नोकरी शहराच्या वाचनालयात, वाचन अफाट आणि बोलणं अगदी बेतास बात. बाबांबरोबर बाहेर पडलं की कुठल्या ना कुठल्या फरशीची नक्षी तिला पाठ होत असे.

घराच्या फाटकाशी गुरुजी म्हणाले, "उद्या येताना खारा बांगडा आण. पोटाकडचा बघून घे."

हे-रान फोनमध्ये बघत म्हणाली, "हं."

रविवारी सकाळी गुरुजी उठले नाहीत.

म्हणजे हे-रान बाबांशी शेवटचं जे काही बोलली ते 'हं' होतं. व्याकरणात याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात. वाक्याशी त्याचा संबंध नसतो. ते आपलं वाक्याच्या बाहेर, कडेला उभं असतं.

पुढचे दिवस माणसांनी ठरवले. कुठे कोण उभं राहील, किती वेळा वाकेल, कुणाच्या दंडाला सुतकाची फीत. हे-रान एकुलती एक, आई फार पूर्वीच गेलेली. पण ती पडली मुलगी, म्हणून पहिल्या जागी काकांचा मुलगा उभा राहिला. "घराण्यातला पुरुष हवा," काका म्हणाले. व्याकरणात पुरुष तीन असतात, प्रथम, द्वितीय आणि तृतीय, आणि त्यात काकांचा मुलगा कुठेच बसत नाही, असं हे-रानच्या मनात आलं. तोंडातून 'बरं' आलं.

तिच्या वाट्याला एकच काम उरलं, आणि तेही कुणाला नको होतं म्हणून: पाटीचं. घराण्याचा दफनाचा डोंगर असताना गुरुजींनी स्वतःसाठी शहराबाहेरच्या अस्थिगृहात जागा घेऊन ठेवली होती. ("डोंगर सोडून कपाट!" इति काका.) भिंतभर काचेची दारं, प्रत्येकामागे एक कलश, आणि दाराखाली एक पितळी पाटी. पाटीवर एक वाक्य.

तिथल्या कार्यालयात क्वाक नावाचा तरुण होता. तो बोलता बोलता इतका वाकायचा की त्याचा चेहरा कसा आहे हे हे-रानला तिसऱ्या भेटीत कळलं.

"आपले कलश तिसऱ्या ओळीत विराजमान झाले आहेत, मॅडम. लिफ्ट डावीकडे उभ्या आहेत. पाटीसाठी एका ओळीत मावेल असं वाक्य द्या, छुसॉकच्या आधी पाटी तयार होऊन येतील. मयताचं नाव काय?"

कलशाला आदर, लिफ्टला आदर, पाटीला आदर. एकेरी काय ते बाबा. बाबा असते तर याला समोर बसवून तास घेतला असता, असं वाटून हे-रानला हसू आलं. नाव तिनं कागदावर लिहून दिलं.

छुसॉकला, म्हणजे शरदातल्या पौर्णिमेला, सगळं घराणं दर्शनाला येणार होतं. तोवर एक वाक्य. वाचनालयात हजारो पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईला एक वाक्य म्हणजे काय मोठंसं! शिवाय हे-रानला त्या वाक्याची गरज इतरांपेक्षा जास्त होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली, त्याला निरोपाला आपण एक अव्यय दिलं. आता निदान एक धड वाक्य द्यावं, कर्ता-क्रियापदासकट, एवढंच तिच्या मनात होतं.

तिनं लिहिलं: 'नाम क्यू-चॉल गुरुजी इथे विसावले आहेत.' साधं, नीट. रीत म्हणून काकांना कळवलं. काकांचा फोन लगेच आला. हे प्योंग-चॉल काका म्हणजे गुरुजींचे धाकटे भाऊ. घराण्याच्या रीतीभातींची किल्ली त्यांच्याकडे असते, निदान तसं ते सांगतात.

"हे वाक्य कोण वाचणार?"

"येईल तो, काका."

"येईल तो नाही! आई येणार आहे छुसॉकला. आणि ती मोठ्यानं वाचणार."

हे मात्र खरं होतं. आजीनं नव्वदी ओलांडली होती. लहानपणी तिला शाळा दिसली नव्हती. अक्षरं तिला गुरुजींनीच शिकवली, ती सुद्धा म्हातारपणी. तेव्हापासून आजी दिसेल ते मोठ्यानं वाचायची. औषधाची पाकिटं, बसच्या पाट्या, एकदा तर शेजाऱ्याच्या दारावरची जप्तीची नोटीस, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"आईच्या तोंडी मुलाला 'विसावले आहेत'?" काका म्हणाले. "जन्म दिलाय तिनं त्याला! दादानंच शिकवलेला नियम आहे हा. मी सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याहून मोठं माणूस समोर ऐकत असेल, तर आदर आवरायचा. "आदर म्हणजे छत्री," गुरुजी मुलांना सांगायचे, "मोठ्या छपराखाली गेलं की मिटायची." म्हणून आजीपुढे वडलांना 'आले' म्हणायचं नाही, 'आला' म्हणायचं. नव्या पुस्तकांनी यात सूट दिली होती. गुरुजींनी दिली नव्हती.

आणि नेमका हाच नियम हे-रानला कधी जमला नव्हता. लहानपणी सुट्टीत गावी गेल्यावर ती दारातून ओरडायची, "आजी, बाबा आले!" मागून बाबा म्हणायचे, "आला." ती पुन्हा म्हणायला जायची आणि जीभ टाळ्याला चिकटायची. ज्या माणसापुढे सगळी शाळा उभी राहते त्याला 'आला' कसं म्हणायचं? शेवटी तिनं पळवाट काढली. आजीसमोर बाबांना कर्ताच करायचं नाही. "फाटक वाजलं वाटतं." "जेवायला आणखी एक पान लागेल." बघता बघता ती सवय झाली, आणि चाळीस वर्षांत आजीपाशी तिनं बाबांविषयी एक अक्षर काढलं नाही. आजीला वाटायचं पोरगी अबोल आहे. बाबांना काय वाटायचं, हे विचारायचं राहून गेलं.

असो. तिनं वाक्य बदललं: 'विसावला आहे.' आणि तो कागद हातात धरून आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरण्याची चूक केली. लिफ्टमध्ये प्यो वहिनी होत्या. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या या प्यो वहिनी परिसरातल्या कविता मंडळाच्या प्रमुख. त्यांना कागद दाखवावा लागत नाही, तो त्यांना दिसतो.

"अगं बाई! बापाला एकेरी?" वहिनींनी बंद होणारं दार पायानं अडवलं. "निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन शहाणं झालंय. ती माणसं येऊन वाचणार, 'विसावला'! लोक काय म्हणतील, पोरगी जास्त शिकली म्हणतील."

"आजी वाचणार आहे, वहिनी."

"आजी एकदा वाचेल. लोक रोज वाचतील. आणि मला सांग, यात काव्य कुठाय? रूपक घाल की एखादं. 'ज्ञानाचे दीपस्तंभ'!"

"आंदोंगला समुद्र नाही, वहिनी. बांगडासुद्धा मीठ लावून येतो."

"म्हणून तर रूपक! समुद्र असता तर ते वर्णन झालं असतं."

हे-रान बाबांच्या घरी गेली आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीत बैठ्या मेजापाशी बसली. इथेच एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "माझे बाबा अस्वलासारखे घोरतात, हे काय?" "उपमा." "आणि माझे बाबा अस्वल आहेत?" "रूपक. घरी जाऊन म्हणू नकोस."

हे-रान वाक्याकडे बघत राहिली. 'विसावणे' म्हणजे दमलेल्या माणसानं टेकणं. कलशात तर राख. निर्जीवाला सजीवाची क्रिया लावली तर ती चेतनगुणोक्ती. म्हणजे बाबांविषयी 'विसावले' म्हणणं हा अलंकार झाला का? मेलेल्या माणसाला जिवंत माणसासारखं वागवणं ही चेतनगुणोक्ती की नुसता आदर? आणि माणूस निर्जीव म्हणायचा तो नक्की कधीपासून, रविवारपासून का? असले प्रश्न बाबांना विचारायची सोय होती. दार उघडून विचारायचं, की आतून उत्तर यायचं, आणि उत्तराबरोबर तीन उदाहरणं. आता प्रश्न होते आणि दार होतं.

तिनं अलंकार काढला. 'ते व्याकरणाचे शिक्षक होते.' काका म्हणाले, 'ते' नको. प्यो वहिनी म्हणाल्या, 'होते' नको, शिक्षक कधी 'होता' नसतो. मग हे-रानला वाटलं की आपल्याला युक्ती सापडली: क्रियापदच नको. क्रियापद नाही म्हणजे आदर नाही आणि अनादरही नाही. तिनं क्वाकला लिहून पाठवलं: 'व्याकरण-शिक्षक नाम क्यू-चॉल'.

दुसऱ्या दिवशी क्वाकचा फोन आला. "मॅडम, नियमात 'एक वाक्य' असं आहे. यात क्रियापद दिसत नाहीत. ते मागाहून येणार आहेत का?"

"नाही हो, तेवढंच आहे."

"मग ते वाक्य होत नाहीत, मॅडम. वरचे साहेब परत पाठवतील. मी जागा धरून ठेवतो. क्रियापद आले की कळवा."

हे-रान क्रियापदाची वाट बघू लागली. वाचनालयात लोकांनी पाकशास्त्राचं पुस्तक मागितलं तर ती भूगोलाचं काढून देई. भात लावायची आणि पाणी घालायला विसरायची. प्रत्येक वाक्य शेवटापर्यंत यायचं, आणि शेवटी उभा असलेला तो एक प्रत्यय बघून मागे फिरायचं.

इकडे लोक थांबायला तयार नव्हते. काकांनी परस्पर अस्थिगृहात फोन केला: घराण्याचा वडीलधारा बोलतोय, वाक्य 'आईचा थोरला क्यू-चॉल' असं सुरू झालं पाहिजे, नाहीतर आईचा अपमान. तासाभरानं प्यो वहिनींनी फोन केला: मुलगी दुःखात आहे बिचारी, तिला सुचत नाही, मी कवयित्री बोलतेय, शेवटी 'दीपस्तंभ होऊन विसावले आहेत' असं आलं पाहिजे, नाहीतर गावाचा अपमान. क्वाकला कुणालाच नाही म्हणता येत नसे. त्यानं दोघांचाही मान राखला.

छुसॉकच्या आदल्या दिवशी पाटी लागल्याचा निरोप आला. हे-रान धावत गेली. पाटी चकचकीत होती. तिच्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं:

'आईचा थोरला क्यू-चॉल इथे ज्ञानाचे दीपस्तंभ होऊन विसावल्या आहेत'

हे-राननं ते दोनदा वाचलं. उद्देश्य काकांचं, विधेय वहिनींचं, आणि शेवटचा प्रत्यय क्वाकचा स्वतःचा, पाटीच्या सन्मानार्थ. कर्ता एकेरी, पूरक आदरार्थी, क्रियापद स्त्रीलिंगी. परीक्षेत 'खालील वाक्यातील चुका शोधा' म्हणून दिलं असतं तर मुलांनी पेपर कठीण होता अशी तक्रार केली असती.

"काढा ही," ती म्हणाली.

"मॅडम, उद्या सण आहेत..."

"आत्ता काढा."

क्वाकनं स्क्रूड्रायव्हर आणला, खटपट केली, घाम पुसला. "एक स्क्रू निघाले, दुसरे निघत नाहीत, मॅडम. फार घट्ट बसले आहेत ते."

आणि मग, ज्या बाईनं वाचनालयात कधी 'शांतता राखा' सुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ती ओरडली. "एक स्क्रू आहे तो! 'निघत नाही' म्हणा! कलश आले, लिफ्ट आल्या, स्क्रू बसले, आणि माझे बाबा..."

ती थांबली. पुढे क्रियापद लागणार होतं. दोन ओळी पलीकडे नैवेद्याची पेरं मांडत बसलेलं एक कुटुंब मान वळवून वाट बघत होतं. क्वाकही वाट बघत होता. क्रियापद आलं नाही. हे-राननं त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटी स्वतः काढली.

छुसॉकच्या सकाळी काकांच्या गाडीतून आजी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. पाइनच्या पानांवर उकडलेल्या तांदळाच्या करंज्या तिनं स्वतः वळल्या होत्या. लिफ्टमधल्या सूचना तिनं मोठ्यानं वाचल्या, अग्निशामक यंत्राची माहिती वाचली, वाटेतल्या चार अनोळखी मृतांच्या पाट्या वाचल्या, आणि एकावर अभिप्राय दिला, "हा लवकर गेला हो." मागून काका, त्यांच्या मागे हे-रान, आणि बरंच मागे, वाकायची तयारी ठेवून, क्वाक.

गुरुजींच्या दाराशी आजी थांबली. काचेतून कलशाकडे तिनं पुष्कळ वेळ बघितलं. मग नजर खाली उतरवली. तिथे भिंत होती, आणि पाटीच्या जागी दोन भोकं.

"हे काय लिहिलंय?" आजीनं विचारलं.

"काही लिहिलं नाहीये, आई," काका घाईनं म्हणाले. "पाटी दुरुस्तीला गेलीय."

"लिहिलंय की. एक टिंब इकडे, एक टिंब तिकडे." तिनं दोन्ही भोकांवर बोट टेकवून पाहिलं. "टिंब दिलं की वाक्य संपलं. मला शिकवलंय माझ्या मुलानं. हे सुरू व्हायच्या आधीच संपलं होय?"

काकांनी हे-रानकडे बघितलं. हे-राननं क्वाककडे. क्वाकनं बुटांकडे.

"त्याचं असं झालं आई, की वाक्याचा रोख कुणाकडे ठेवायचा याविषयी दोन मतं पडली. एक मत असं की..."

"तू गप रे. तुझं एक वाक्य ऐकेपर्यंत माझ्या करंज्या विटतील." आजी काठी टेकत वळली. "तू सांग गं. पुस्तकांत असतेस दिवसभर. काय लिहिणार होतीस?"

हे-राननं तोंड उघडलं. विसावले, विसावला, होते, होता, दीपस्तंभ. सगळी एकमेकांना वाट देत खोळंबून उभी होती.

"ठरत नाहीये, आजी. काहीच ठरत नाहीये."

"कागदावरचं ठरत नसेल. इथे कागद कुठाय? मी आहे." आजीनं डबा काकांच्या हातात दिला आणि मोकळ्या झालेल्या हातानं नातीचं मनगट धरलं. हात उकडीसारखा मऊ आणि ऊन होता. "माझ्याशी बोलतात सगळे, पण त्याचं कोणी बोलत नाही. येतात, 'आजी, थंडी वाजते का' विचारतात, जातात. माझा मुलगा होता गं तो. कोणीतरी त्याचं बोला की माझ्याशी."

पलीकडे कुणीतरी उदबत्ती लावली. काकांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. हे-रान आजीच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की हे वाक्य गावासाठी नाही, घराण्यासाठी नाही, बाबांनी तपासावं म्हणूनही नाही. ऐकणारं एकच माणूस होतं, आणि ते समोर उभं होतं.

"आजी," ती म्हणाली. जीभ एकदा टाळ्याला चिकटली आणि सुटली. "आजी, मला बाबा फार आवडतो."